अंगावरचं पाणी आन् न काढलेली पिशवी

ज्या बाईला हे दुखणं हाय आन् जी कुणाला सांगत नाय, तिच्यासाठी लिहिते. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाय. लाजायची येळ माझी होऊन गेली.

मी इंदूबाई. एकलहऱ्याला राहते. शाळा चौथीतनं सुटली, म्हणून बोलते तसंच लिहिते. साठी उलटली. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. वीज केंद्रावर कंत्राटानं कामाला येणारी पोरं खोल्या घेऊन राहतात, त्यांना आमच्या घरनं डबे जातात. भाकरी मी थापते, भाजी सून करते, ती कविता. डबे पोचवायचं काम माझ्या मुलाचं, संजूचं.

तर मला अंगावरनं पाणी जायचं. आमच्याकडं बाया धुपणी म्हणतात. आधी आधी थोडं, मंग रोजचंच झालं. पातळ, राखाडी पाणी. त्याचं मला एवढं काय वाटलं नसतं, पण त्याला वास व्हता. मासळीसारखा. आमच्या घरात मासळी शिजत नाय, त्यामुळं तो वास घरात कुठनं आला हे कुणाला बी कळलं असतं. मी चुलीपाशी एकटी बसायला लागले. कविता जवळ आली की मी म्हणायची, "जा गं, धूर लागंल तुला." गॅसची शेगडी व्हती, धूर कसला लागतोय.

आन् मी धुवायची. माझ्या आईनं शिकवलेलं, अंगावरनं जायला लागलं की कोमट पाण्यात तुरटी फिरवायची, कडू लिंबाचा पाला उकळायचा आन् आतनं धुवून काढायचं. मी सकाळी धुवायची, दुपारी धुवायची. धुतलं की घटकाभर बरं वाटायचं, परत वास जास्तच यायचा. मंग मी अजून धुवायची. अशी किती वर्षं गेली ते मलाच धड सांगता येत नाय.

*

हे घरात फुटलं ते दोरीवरनं. माझे आतले कपडे मी साडीखाली झाकून वाळत घालायची. एक दिवस वाऱ्यानं साडी उडाली. कविता कपडे काढायला गेली, आतल्या कपड्यांवरचे डाग बघून आत आली आन् माझ्यासमोर बसली.

"आत्या, तुम्हाला बी जातं का?"

मी म्हणले, "बी म्हंजे?"

ती खाली बघून बोलली, "मला बी जातंय. यांना सांगितलंय मी."

यांना म्हंजे संजूला. मला आधी रागच आला. बायांच्या गोष्टी पुरुषाला कशाला सांगायच्या? पण तिनं सांगितलं हे चांगलंच केलं, हे मला पुढं कळलं. माझ्यासारखं अंगावर नाय काढलं तिनं.

संजूनं आम्हाला दोघींना एका खाजगी डॉक्टरकडं नेलं. तिथं पोटाची सोनोग्राफी झाली. आतनं तपासलं कुणी नाय. डॉक्टर कागदाकडं बघत बोलले, माझ्याकडं नाय, संजूकडं.

"यांचं वय झालंय. गर्भपिशवीचं आता काय काम आहे? ठेवली तर उद्या कॅन्सर होऊ शकतो. काढून टाका."

मंग कविताकडं बोट केलं. "यांना दोन मुलं झालीत ना? यांचीही काढून टाका. कटकट मिटेल."

कविता अजून चाळिशीची बी नाय.

घरी येताना संजू म्हणला, "आई, दोघींचं एकदम उरकून टाकू. उन्हाळ्यात पोरं गावाला जातात, डबे कमी असतात. तव्हाच करून घेऊ."

जसं काय घराला रंग द्यायचाय, तसं बोलला. पोरगा वाईट नाय माझा. घाबरला व्हता. कॅन्सर म्हणल्यावर मी बी घाबरले. त्या दिवसापासून मी भाकरी थापायची आन् मनात तोच एक शब्द फिरायचा. जेवण जाईना. पाठीत कळ आली तरी वाटायचं, तेच हाय.

*

शेजारी माझी थोरली जाऊ राहते. तिला मी आक्का म्हणते. तिची पिशवी लय आधी काढली, कविताच्याच वयात. मी तिच्या वट्यावर जाऊन बसले आन् सरळ इचारलं.

"आक्का, तुमची पिशवी काढली ती कशामुळं?"

"पाणी जायचं."

"आता नाय ना जात?"

आक्का तांदूळ निवडत व्हती. खडा काढून फेकला आन् म्हणली, "जातं की."

"अवो, मंग काढली कशाला?"

"डॉक्टर म्हणले काढा. मी काय त्याला इचारायचं, का रे बाबा म्हणून?" मंग माझ्याकडं वर बघून हसली. "पण इंदे, तुला या वयात गं कसलं हे? मालक जाऊन एवढी वर्षं झाली. लोकाला कळलं तर काय म्हणतील?"

ते मला लागलं. पण तिचं पहिलं बोलणं मी गाठीला बांधलं. पिशवी गेली आन् पाणी राहिलं. मंग हे पाणी पिशवीतनं येतंच कशावरनं?

त्या दिवशी डबे गेल्यावर मी संजूला म्हणले, "माझी पिशवी नाय काढायची. कविताची बी नाय. आधी आत काय झालंय ते कुणीतरी बघू तर द्या."

"तू काय डॉक्टर हाय का, आई?"

"नाय. म्हणून तर दुसऱ्या डॉक्टरला इचारते."

"आन् कॅन्सर निघाला तर?"

"निघाला तर काढीन. मी काय पिशवी उशाला घेऊन झोपणार हाय का? पण न बघता नाय काढायची."

तो चिडला. तव्हापासनं माझ्याशी बोलंना. कविता भाजी फोडणीला टाकायची आन् आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघायची. तिचं बोलणं संजूपुढं कधी नसतंच. मला ठावं व्हतं, माझी पिशवी गेली की पाठोपाठ हिची जाईल, आन् ही मान डोलावून टेबलावर जाऊन झोपंल. मी म्हातारी. माझ्या पिशवीचं सोडा. पण मी हललं नाय पायजे, एवढं मी धरून ठेवलं.

*

नाशकाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. एकटीच गेले. केसपेपर काढला, बाकावर बसले. बाजूला पेठकडची एक बाई व्हती, तिनं पिशवीतनं भाजलेले शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले, काय झालंय म्हणून इचारलं नाय. दवाखान्यात न इचारणारं माणूस भेटलं की लय बरं वाटतं.

आत डॉक्टरीण बाई व्हती, तरणीच. गोड बोलायची. तिनं पडदा ओढला, मला टेबलावर घेतलं. थोडं बघितलं आन् थांबली.

"आजी, आज आतून धुऊन आलात का?"

"व्हय. डॉक्टरकडं यायचं म्हणल्यावर धुवूनच येणार की."

"कशानं धुतलं?"

"तुरटी आन् लिंबाचा पाला. आज जास्तच धुतलं. तुम्हाला वास नको म्हणून."

तिनं हातातली कापसाची काडी खाली ठेवली. रागावली नाय. म्हणली, "आजी, मला जे बघायचं होतं तेच तुम्ही धुऊन टाकलंत. आता मी तपासू काय?"

मला एवढं ओशाळल्यासारखं झालं. लोकाकडं जाताना हातपाय धुवून जावं, डॉक्टरकडं सगळंच धुवून जावं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. डॉक्टरला ती घाणच बघायची असते, हे कोण सांगणार?

तिनं सांगितलं, "आता पुढच्या आठवड्यात या. तोपर्यंत आतून पाणी घालायचं नाही. तुरटी नाही, लिंब नाही, साबण नाही. बाहेरून साध्या पाण्यानं धुवा, बस. आणि हे आतून धुणं कायमचंच बंद करा. त्यानंच हे वाढतं."

मी म्हणले, "मंग वासाचं काय करू?"

"सहन करा थोडं. वासाला घाबरून धुता, आणि धुता म्हणून वास येतो."

सोपं वाटलं तिथं. घरी आल्यावर कळलं. मला वाटायचं माझ्या हातनं भाकरी बी कुणी खाऊ नये. हात दहादा घासायची. मोरीत गेलं की तुरटीचा खडा दिसायचा, हात तिकडं जायचा. शेवटी खडा उचलून पत्र्यावर फेकून दिला.

परत जायच्या दिवशी बसमध्ये एक बाई माझ्या बाजूला बसली आन् पुढच्या थांब्याला उठून उभी राहिली, नाकाला पदर लावून. मी खिडकीतनं बाहेर बघत राहिले. मनात म्हणले, धर नाक बाई, मी आज तपासल्याबिगर नाय येत.

*

ते टेबल. त्याच्यावर पाय वर करून झोपायला लागतं, ते मला मेल्यासारखं वाटतं. बाळंतपणं माझी घरीच झाली, असं उजेडात कुणी बघितलेलं नाय. एक मावशी व्हती तिथं, साफसफाईवाली. ती माझ्या डोक्यापाशी येऊन उभी राहिली आन् म्हणली, "आजी, वरचा पंखा बघा, किती घाण झालाय. मीच पुसायला पायजे, पण हात पोचत नाय." मी पंखा बघत राहिले. तेवढ्यात झालं.

डॉक्टरणीनं एक कागदाची पट्टी लावून रंग बघितला, काचेवर थोडं पाणी घेतलं, पिशवीच्या तोंडाचं बी काडीनं घेतलं, कॅन्सर बघायला. मला बसवून सांगितलं. बॅक्टेरियल व्हजायनोसिस. मला तीनदा म्हणायला लावलं. मला नीट जमलं नाय, पण नाव ऐकून निम्मं दुखणं कमी झालं. नाव हाय म्हंजे आपल्या एकटीला नाय, लय बायांना असणार, तव्हाच नाव ठेवलं.

मी आक्काचं बोलणं तिला इचारलं. "बाई, मला मालक नाय. मंग हे कसं झालं?"

ती म्हणली, "याला मालक लागत नाही. वय झालं की आतली कातडी पातळ होते, चांगले जंतू कमी होतात, वाईट वाढतात. त्यात तुम्ही उरलेले चांगलेही तुरटीनं धुऊन काढलेत. यात तुमचा दोष नाही, कुणाचाच नाही."

हे कुणाला तरी मोठ्यानं सांगावं वाटलं मला. आक्काला तर सांगितलंच.

मंग तिनं मला एक इचारलं. ती त्या पाण्याचा अभ्यास करत व्हती. दुखणं असताना त्या पाण्यातली प्रथिनं कशी असतात, गोळ्या घेतल्यावर कशी बदलतात, ते बघायचं. त्यासाठी औषधाच्या आधी थोडं पाणी, औषध झाल्यावर थोडं, आन् पुढं परत एकदा. म्हणली, "नको असेल तर नाही म्हणा. औषध तेवढंच मिळणार."

मी म्हणले, "प्रथिनं म्हंजे डाळीतली? मी डाळ जास्त खाऊ का?"

ती हसली. "खाण्यातली नाहीत, आजी. त्या पाण्यातही असतात. काही राखणीला असतात, वाईट जंतूंना आवरतात. काही कातडी घट्ट धरून ठेवतात. हे दुखणं झालं की राखणीची काही कमी होतात, सुजेची वाढतात, धरून ठेवणारी तुटतात. पाणी वरून बघितलं तर पाणीच दिसतं."

मी भाकरीवाली. मला जे कळतं त्याच्यातनंच कळणार. म्हणले, "बाई, ज्वारीचं पीठ जुनं झालं ना, की त्याची विरी जाते. दिसायला तेच पीठ, वजनाला तेच. पण पाणी घालून मळलं तर धरत नाय. थापायला गेलं की भाकरी कडंनं फाटते. तसंच का हे?"

तिनं पेन खाली ठेवला. म्हणली, "अगदी तसंच नाही, पण जवळ आलात तुम्ही. फरक एवढाच, पिठाची विरी परत येत नाही. तुमची येऊ शकते."

मी म्हणले, "मंग घ्या पाणी."

*

गोळ्या दिल्या. आठवडाभर घ्यायच्या. देताना म्हणली, "या गोळ्या चालू असताना दारू अजिबात नाही."

मी म्हणले, "बरं झालं सांगितलं. आजच बसणार व्हते."

ती मावशी दारात उभी व्हती, ती एवढी हसली की बादली सांडली.

गोळ्यांनी तोंड असं झालं जसं तांब्याची कडी चघळतेय. चहा तांब्याचा, भाकरी तांब्याची. मळमळायचं. तरी थापायला बसायची. संजूनं एक दिवस माझ्यापुढची पिठाची परात बाजूला सरकवली, म्हणला, "आज राहू दे, कविता थापंल." इतक्या दिवसांचा अबोला असा मोडला. आमच्याकडं माफी बिफी कुणी मागत नाय.

आठवडा संपायच्या आत वास गेला. खरं सांगते, एक दिवस दुपारी कविता माझ्याजवळ चिकटून बसली पीठ चाळायला आन् मी तिला जा म्हणले नाय, तव्हा मलाच ध्यानात आलं. दवाखान्यात जाऊन दुसऱ्यांदा पाणी दिलं. पिशवीच्या तोंडाची तपासणी चांगली आली व्हती, कॅन्सरचं काय नाय. मी बाहेर येऊन बाकावर बसले आन् पदर डोळ्याला लावला. थोडा येळच.

*

इथं गोष्ट संपली असं मला वाटलं व्हतं. पण महिना दीड महिना गेला आन् पाणी परत आलं. वास बी आला.

मी एकदम खचले. तुरटी नाय, लिंब नाय, काय नाय, तरी आलं. संजूला कळलंच. तो म्हणला, "बघ आई. मी काय म्हणत व्हतो? मुळापासनं काढल्याबिगर जात नाय हे. उन्हाळा आलाय, त्या डॉक्टरांना तारीख सांगतो."

त्या दिवशी मी जवळजवळ हो म्हणणार व्हते. दमले व्हते. वाटलं, काढू दे, सुटका व्हईल. पण समोर कविता भांडी घासत बसली व्हती आन् तिचे हात थांबले व्हते. ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती. मी काय म्हणते त्यावर तिचं ठरणार व्हतं.

मी संजूला म्हणले, "तारीख राहू दे. आधी तू माझ्यासंगं नाशकाला चल. कविता बी येईल. तुझ्या कानानं ऐक. मंग तू म्हणशील तसं."

हे मी म्हणले खरं, पण डॉक्टरीण बी काढा म्हणली असती तर माझ्याकडं बोलायला काय राहिलं नसतं.

त्या डॉक्टरणीनं संजूला खुर्ची दिली. तो बायांच्या त्या खोलीत अवघडून बसला, बुटांकडं बघत. ती म्हणली, "हे दुखणं पुष्कळ जणींना परत येतं. त्यात काही बिघडलेलं नाही. परत औषध द्यायचं, यावेळी जास्त दिवस. आणि वयामुळं कातडी पातळ झालीय, त्याला एक मलम देते."

संजू म्हणला, "मॅडम, पिशवीच काढली तर?"

"आईची पिशवी चांगली आहे. हे पाणी पिशवीतून येत नाही, खालून येतं. पिशवी काढलीत तर पिशवी जाईल. पाणी राहील."

आक्काची गोष्ट संजूला बी ठावी व्हती, घरातलीच ती. पण ती घरच्या बाईनं सांगितलेली, त्यामुळं त्यानं कधी मनावर घेतली नव्हती.

कविताला बी तपासलं. तिचं दुखणं माझं नव्हतंच. तिला वेगळ्या जंतूनं झालेलं, खाज व्हती, ते तिनं आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. थोड्या दिवसांच्या गोळ्या. तिची पिशवी बी चांगली.

एक सांगते, जिला पाळी गेल्यावर परत रक्त दिसंल, थेंब का होईना, तिनं माझ्यासारखं बसून राहू नये. तिनं लगेच जायचं. मी डॉक्टरणीला इचारून हे लिहिते.

*

माझं आता बरं हाय. मधी एकदा थोडं आलं, परत औषध घेतलं, गेलं. येईल बी परत, मी आता घाबरत नाय. तिसऱ्यांदा पाणी देऊन आले. माझ्या एकटीच्या प्रथिनांचं काय झालं ते मला सांगितलं नाय, सगळ्या बायांचं मिळून बघणार म्हणली. बघू दे. माझ्या पाण्यानं पुढच्या कुणाची पिशवी वाचली तर चांगलंच.

दवाखान्यातनं तिघं आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगून थांबते. आम्ही जेवायला बसलो व्हतो. त्या खाजगी दवाखान्यातनं फोन आला, दोघींची तारीख पक्की करायची म्हणून. संजू घास हातात धरून बोलत व्हता. म्हणला, "आईचं नाय करायचं आता. तिचं औषध चालू हाय." तिकडनं कायतरी इचारलं. संजू म्हणला, "हां, मिसेसचं... मिसेसचं बघू, ते तेवढं करून टाकलं तरी..."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कवितानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"माझी बी नाय काढायची," ती म्हणली.

संजूनं फोनवर हात ठेवला. "अगं, ते इचारतायत फक्त..."

"इकडं द्या. मीच सांगते."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी जेवत राहिले. मंग त्यानं फोन तिच्या हातात दिला.